आधी बसून हिशेब करा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आपल्या शाळेच्या व्हरांड्यात दरवर्षी एकच प्रश्न ऐकू येतो : "किती टक्के पडले?" पेढे वाटले जातात, छायाचित्रे काढली जातात, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणे होते. याहून कठीण असा दुसरा प्रश्न मात्र त्या दिवशी कोणी विचारीत नाही. तो घरी गेल्यावर, दिवे मालवल्यावर, आईबाप हलक्या आवाजात एकमेकांस विचारतात : "पुढच्या शिक्षणाला पैसे कोठून आणावयाचे?" या दुसऱ्या प्रश्नाविषयी आमच्या वार्षिकात चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. ते लिहिण्यास एक प्रसंग कारण झाला. तो प्रथम सांगतो.

सन २०१९ मधील गोष्ट. आपल्याच शाळेतून गेलेली एक मुलगी बारावीस उत्तम गुण मिळवून व्यावसायिक पदवीच्या अभ्यासक्रमास दाखल झाली आणि पेढे घेऊन आईसह माझ्या घरी आली. आई विड्या वळणारी, वडील यंत्रमागावर कामास. मी मुलीचे कौतुक केले, तिला एक पेन भेट दिले आणि दोघींना निरोप दिला. फीचे पैसे कोठून आणले हे मी विचारले नाही. तसे विचारणे मला असभ्यपणाचे वाटले.

तीन वर्षांनी तीच माउली बाजारात भेटली. थोरलीचे उत्तम चालले होते. धाकटीची चौकशी केली, तेव्हा ती म्हणाली, "सर, धाकटीला बारावीनंतर घरीच ठेवलंय. आधी व्याज सुटू दे, मग मुद्दल फेडू, मग तिचं बघू." विचारता विचारता सर्व हकीकत कळली. प्रवेशाच्या वेळी एका खाजगी सावकाराकडून चाळीस हजार रुपये घेतले होते, दरमहा शेकडा तीन व्याजाने. म्हणजे महिन्यास १,२०० रुपये नुसते व्याज. तीन वर्षांत ४३,२०० रुपये देऊन झाले होते आणि मुद्दल चाळीस हजार जागच्या जागी उभे होते. याहून जिवास लागणारी गोष्ट अशी की, त्या वर्षी त्या मुलीस शासनाच्या योजनेतून शिक्षण शुल्कात सवलत मिळू शकली असती. परंतु उत्पन्नाचा दाखला मागल्या वर्षाचा होता. नवा हाती येईपर्यंत मुदत टळून गेली.

थोरलीची फी भरली गेली ती धाकटीच्या शिक्षणातून. हा हिशेब त्या घरात कोणी मांडला नव्हता, आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ शिकविणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकानेही तो मांडून दाखविला नव्हता. मी गुण विचारले, फी विचारली नाही. ही माझी चूक होय, आणि हा लेख काही अंशी तिची भरपाई आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : मुलाच्या वा मुलीच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च हे अचानक कोसळणारे संकट नव्हे. ते कोणत्या वर्षी दारात येणार हे मूल शाळेत घातले त्याच दिवशी आपणास ठाऊक असते. असे असता आपण त्याला आजारपणासारखे वागवतो, निकालानंतरच्या पंधरा दिवसांत भेदरून निर्णय घेतो, आणि मग जे जवळ दिसेल ते मोडतो वा गहाण टाकतो. शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. शहाणा मनुष्य पाया घालण्यापूर्वी खाली बसून खर्चाचा अंदाज घेतो. आपल्या गावच्या विणकरासही हे शिकवावयास नको. ताणा भरल्यावाचून मागावर कोणी बसत नाही.

येथे कोणी म्हणेल, "गुरुजी, आपले थोर पुरुष काय हिशेब करून शिकले? त्यांच्या घरच्यांनी त्यागच केला." खरे आहे, आणि त्या त्यागापुढे मस्तक नमवावे असेच ते आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९ साली वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागल येथे पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते दरमहा गोपाळरावांच्या शिक्षणासाठी पाठवीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. या गोष्टी आपण वर्गात सांगतो व सांगितल्याच पाहिजेत.

परंतु त्या सांगताना एक गोष्ट आपण विसरतो. गोविंदरावांनी आठ रुपये पाठविले ते दुसरा मार्ग नव्हता म्हणून. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिले ते मुलांस पोसणारा दुसरा कोणी त्या दिवशी नव्हता म्हणून. आज एखादी आई एका कागदाच्या अभावी मंगळसूत्र मोडीत असेल, तर त्यास त्याग म्हणून टाळ्या वाजविणे हे मला पटत नाही. तो त्याग नव्हे, ते आपणा शहाण्यासुरत्यांच्या मौनाचे फळ होय. त्याग हे शेवटचे साधन आहे. आपण त्याला पहिले करून ठेवले आहे. साधनांचा क्रम माझ्या मते असा असावा : आधी अंदाज, मग कागदपत्रे, मग साहाय्य, त्याबरोबर बचत, आणि सर्वांत शेवटी कर्ज.

प्रथम अंदाजाविषयी. पुष्कळ पालक फक्त फीचा आकडा विचारतात. वस्तुतः परगावी शिकणाऱ्या मुलाच्या खर्चात खोलीभाडे, खानावळ, प्रवास, पुस्तके व वसतिगृहाची अनामत मिळून फीइतकीच, कित्येकदा फीहून मोठी रक्कम होते. एक काळ असा होता की सोलापूरच्या मुलास पदवीसाठी पुणे वा मुंबई गाठावी लागे. १९४० साली येथे दयानंद महाविद्यालय निघाले. पुढे संगमेश्वर, वालचंद ही महाविद्यालये, शासकीय तंत्रनिकेतन व वैद्यकीय महाविद्यालय झाले. २००४ साली तर एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ येथे आले. जे शिक्षण घरची भाकरी खाऊन होण्यासारखे आहे, ते केवळ "पुण्याला शिकतो" असे सांगता यावे म्हणून परगावी घेणे हा कित्येक घरांत निव्वळ दिखाऊपणाचा खर्च असतो. जे येथे मिळत नाही, त्यासाठी मात्र अवश्य बाहेर जावे. पण त्या वेळी चारही वर्षांचा संपूर्ण आकडा वहीत लिहावा, पहिल्या वर्षाचाच नव्हे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश घेण्याचा मार्गही आहे. मध्येच घरावर अडचण आली तरी पदविका हाती राहते, हा त्याचा गुण सामान्य स्थितीतील कुटुंबाने लक्षात ठेवावा.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, ज्यांस लागू असेल त्यांस जातीचा दाखला, त्याची पडताळणी व नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र, आणि आधार क्रमांकाशी जोडलेले मुलाच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते, एवढ्यांवर बहुतेक सवलती अवलंबून असतात. उत्पन्नाच्या दाखल्यावर मुदत लिहिलेली असते, ती वाचावी. जात पडताळणीस कित्येक महिने लागू शकतात, म्हणून तिचा अर्ज अकरावीतच करावा. सर्व कागदांवर मुलाचे व वडिलांचे नाव एकाच रीतीने लिहिले आहे की नाही हे आठवीतच पाहून घ्यावे. एका काना-मात्रेच्या फरकाने अर्ज परत आलेला मी स्वतः पाहिला आहे. जून महिन्यात सेतू केंद्रापुढे जी रांग लागते, ती डिसेंबरात नसते, ही साधी गोष्ट आहे.

तिसरे साहाय्य. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या एकाच संकेतस्थळावर भरावयाचे असतात. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेखाली वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलांस ठरावीक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची निम्मी सवलत मिळते. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास वर्ग व अल्पसंख्याक यांच्यासाठी निरनिराळ्या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आणि नोंदणीकृत मजूर व अल्पभूधारक शेतकरी यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आपल्या सोलापुरात घरोघरी विड्या वळल्या जातात. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर करावयाचा असतो आणि त्यास विडी कामगाराचे ओळखपत्र लागते. ते ओळखपत्र ज्या आईने काढले नसेल, तिने आजच काढण्याच्या खटपटीस लागावे. या योजनांच्या अटी व रकमा वेळोवेळी बदलतात. म्हणून ऐकीव माहितीवर न राहता त्या त्या वर्षी पाहून घ्याव्यात, आणि पहिल्या वर्षी मंजूर झालेला अर्ज दरवर्षी नव्याने पुढे चालू करावा लागतो हे विसरू नये.

कित्येक पालकांस अर्ज करण्यात कमीपणा वाटतो. "आम्ही कोणापुढे हात पसरला नाही," असे ते म्हणतात. त्यांस मी एवढेच सांगेन की, १९१३ साली डॉ. आंबेडकर अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्ती ही भीक नव्हे. ती समाजाने एका बुद्धीवर लावलेली ठेव आहे, आणि ठेवीची परतफेड कशी करावी हे त्या महापुरुषाने दाखवून दिले आहे. सावकारापुढे हात पसरताना जो कमीपणा वाटत नाही, तो शासनाच्या अर्जावर सही करताना कां वाटावा?

आता बचतीविषयी. "आमच्या मिळकतीत बचत कसली?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. गिरणीचा भोंगा वाजत होता तोवर सोलापूरच्या पुष्कळ घरांत महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार येत असे. १८७७ च्या सुमारास सुरू झालेले ते गिरण्यांचे युग विसाव्या शतकाच्या अखेरीस संपत आले. आज यंत्रमागावर वा विडीवर पोट असणाऱ्यांची मिळकत आठवड्याआठवड्यास हलते. तरी लहान रकमेचे सामर्थ्य किती असते ते पाहा. दरमहा ५०० रुपये दहा वर्षे ठेवले, आणि व्याज सरासरी शेकडा ७ धरले, तर साठ हजारांचे सुमारे साडेशहाऐंशी हजार होतात. तेच काम शेवटच्या दोन वर्षांत करावयाचे म्हटले, तर दरमहा तीन हजारांहून अधिक बाजूस ठेवावे लागतील. पोस्टातील आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून उघडता येते. दहा वर्षांखालील मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते काढता येते. ही योजना २०१५ साली सुरू झाली. तीत वर्षास किमान २५० रुपये भरावे लागतात, आणि मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर वा दहावी झाल्यावर उच्च शिक्षणासाठी शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत पैसे काढता येतात. हे खाते पुष्कळ पालक "लग्नासाठी" म्हणून काढतात. माझी त्यांस हात जोडून विनंती आहे की, पासबुकाच्या वेष्टनावर "शिक्षण" असे लिहून ठेवावे. जे नाव दिले जाते, तेच काम पैसा करतो.

सर्वांत शेवटी कर्ज. कर्ज वाईट नव्हे. कर्ज कोणाचे व कोणत्या व्याजाचे, हा प्रश्न आहे. ज्या चाळीस हजारांवर त्या माउलीने वर्षास १४,४०० रुपये व्याज दिले, त्यावर बँकेने समजा शेकडा दहा घेतले असते, तर वर्षाचे व्याज ४,००० रुपये झाले असते. शिवाय बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते सामान्यतः शिक्षण चालू असेपर्यंत व पुढे एक वर्ष सुरू होत नाहीत. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बँकांनी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांस तारण व जामीनदार यांवाचून कर्ज, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांस व्याजात सवलत, अशी तरतूद आहे. मात्र एक सावधगिरी हवी. हप्ते थांबलेले असले तरी व्याज थांबत नाही. जमेल तितके व्याज शिक्षण चालू असतानाच भरीत जावे. तसेच, त्या शिक्षणानंतर आरंभी जे वेतन मिळण्याचा संभव आहे त्यातून हप्ता निघेल काय, याचा विचार सही करण्यापूर्वी करावा. परवाना नसता सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली गुन्हा आहे, हेही पालकांस ठाऊक असावे.

मुलींविषयी दोन शब्द स्वतंत्र लिहिणे मला भाग आहे. पैसा कमी पडला की घरात कात्री प्रथम कोणाच्या शिक्षणास लागते, हे आपण सर्व जाणतो. मुलगा साधारण गुणांचा असला तरी त्यास देणगी भरून पाठवावयाचे, आणि हुशार मुलीस "जवळचे काही तरी कर" म्हणावयाचे, ही रीत सुशिक्षित घरांतही दिसते. आता तर हिशेबाच्या दृष्टीनेही ती टिकणारी नाही. सन २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींस, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ केले आहे. संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतल्यास ही माफी नाही. म्हणजे मुलीने अभ्यास करून यादीत नाव आणावे आणि बापाने वेळेवर कागद आणावेत, एवढीच विभागणी उरली. ज्या बापास हेही जड वाटते, त्याची अडचण पैशाची नाही.

विद्यार्थी मित्रहो, आतापर्यंत मी तुमच्या वडीलधाऱ्यांशी बोललो. आता तुमच्याशी बोलतो. तुम्हांस घरची मिळकत किती हे ठाऊक आहे काय? पालक म्हणतात, "लेकरांना कशाला काळजी?" मला वाटते, आठवीच्या पुढील मुलास घरचा हिशेब दाखविणे ही काळजी लादणे नव्हे, विश्वास दाखविणे होय. ज्यास आपल्या फीमागे किती हजार विड्या आहेत हे माहीत असते, तो वर्गात सहसा झोपत नाही. भाऊरावांनी १९४७ साली साताऱ्यास जे छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, ते "कमवा व शिका" या तत्त्वावर. त्या तत्त्वाच्या योजना आजही विद्यापीठांत व महाविद्यालयांत चालतात. काम करून शिकण्यास लाजू नका. आणि मित्र जेथे जातो तेथेच जाण्याचा हट्ट धरून बापास सावकाराच्या दारी पाठवू नका.

पालकहो, "अंथरूण पाहून पाय पसरावे" ही म्हण आपण मुलांस ऐकवितो. म्हण खोटी नाही. परंतु चादरी विणून देशोदेशी पाठविणाऱ्या या गावातील माणसांस मी विचारतो, अंथरूण लहान पडते म्हणून मुलाचे पायच आखडावयाचे, की चार वर्षे आधीपासून दोन धागे अधिक घालून अंथरूणच थोडे लांब करावयाचे?

आम्हां शिक्षकांचेही एक कर्तव्य मी येथे नोंदवितो. दरवर्षी नववीच्या पालकांची एक सभा शाळेत व्हावी. तीत गुणांची चर्चा न होता केवळ कागदपत्रे, शिष्यवृत्त्या, बचत व कर्ज यांची माहिती द्यावी, आणि प्रत्येक घराने आपल्या पाल्याच्या पुढील शिक्षणाच्या खर्चाचे एक पान लिहून न्यावे. यास पैसा लागत नाही, एक दुपार लागते. असा प्रस्ताव मी आमच्या शिक्षकमंडळापुढे ठेवणार आहे. पालकांनी त्यास बळ द्यावे.

ती धाकटी मुलगी आता वीस वर्षांची होऊन गेली. गेल्या खेपेस भेटली तेव्हा मी तिला बाहेरून शिक्षण घेण्याच्या सोयीविषयी सांगितले आणि अर्ज भरण्यास सोबत येण्याचे कबूल केले. ती म्हणाली, "सर, हे तेव्हा सांगितलं असतं तर!" तिला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तुमच्या घरी अशी एखादी धाकटी असेल, तर आज रात्री वही घेऊन तिच्याजवळ बसा.